ऐकणारी नस वेगळी, दुखणारी नस वेगळी



कान दुखायला लागला की आपल्या घरात काय होतं? लसणाची पाकळी टाकून तेल कोमट करायचं आणि चार थेंब कानात सोडायचे. दुखणं थांबलं तर तेलाचा गुण. नाही थांबलं तर पुन्हा तेल. आणि याच्या उलट, दोन वर्षांचं पोर हाक मारली तरी वळत नाही, बोलत नाही, तेव्हा आपण म्हणतो, "कान काही दुखत नाही त्याचा. बोलेल उशिरा. त्याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता."

या दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. आपल्याला वाटतं, कानाला एक नस असते, तीच ऐकते आणि तीच दुखते. म्हणून दुखतो तो कान बिघडलेला आणि दुखत नाही तो चांगला. खरं तसं नाही. ऐकणाऱ्या नसेला दुखणं ठाऊक नाही, आणि दुखणाऱ्या नसांना ऐकू येत नाही. आज एवढी एकच गोष्ट नीट समजून घेऊया. पुढे कान कधी घरी सांभाळायचा आणि कधी दवाखाना गाठायचा, हे तिच्यावरूनच कळतं.

आधी एक शब्द स्पष्ट करते. आपण शीर आणि नस हे शब्द एकाच अर्थानं वापरतो. पण शिरेतून रक्त वाहतं. आज मी नस म्हणेन ती मज्जातंतूची, म्हणजे शरीराचा निरोप मेंदूपर्यंत नेणारी तार.

ओसरी, माजघर आणि आतली खोली

कान म्हणजे तीन खोल्यांचं घर आहे असं समजा.

ओसरी म्हणजे बाहेर दिसणारा कान आणि त्याची नळी. कानाचा वरचा भाग कूर्चेचा असतो, आपण त्याला कवळं हाड म्हणतो. खालच्या पाळीत कूर्चा नाही, फक्त कातडी आणि चरबी. म्हणून पाळी टोचली तर लवकर भरून येते. वर बुगडीसाठी टोचताना मात्र जपावं लागतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिथे पू झाला तर तो लवकर आटोक्यात येत नाही आणि कानाचा आकारही बिघडू शकतो.

कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात. मळ म्हणजे घाण नव्हे. तो धूळ अडवतो, किडा-मुंगीला अडवतो, कातडी ओली राहू देत नाही. नळीची कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते आणि मळाला आपल्याबरोबर बाहेर आणते. आपण पिन, काडी, किल्ली, कापसाची काडी घालतो तेव्हा बाहेर येऊ घातलेला मळ पुन्हा आत ढकलतो.

नळीच्या टोकाला पडदा. करंगळीच्या नखाएवढा आणि जाडीला मिलिमीटरचा दहावा भाग. हा पडदा धड असेल तर बाहेरून घातलेलं तेल किंवा औषध त्याच्या पलीकडे जात नाही. मेंदूत तर नाहीच नाही. कानात औषध घातल्यावर घशात त्याची चव आली, तर समजायचं की पडद्याला भोक पडलेलं आहे. अशा कानात तेल आणि पाणी अजिबात जाऊ द्यायचं नाही.

पडद्यामागे माजघर, म्हणजे मधला कान. इथे हवा असते आणि तीन हाडं एकमेकांना जोडलेली असतात : हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या अंगातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. ही हाडं हवीत कशाला? विहिरीत बुडी मारली की काठावरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यात शिरत नाही, बराचसा वरूनच परततो. कानाच्या आतल्या खोलीत पाणीच आहे. तिथे आवाज शिरायचा तर त्याला जोर हवा. मोठ्या पडद्यावरचा आवाज ही हाडं रिकिबीच्या छोट्याशा तळव्यावर आणतात, तेव्हा त्याचा दाब जवळजवळ वीसपट होतो.

माजघराला मागचं दार आहे. एक बारीक नळी तिथून घशात उतरते. गिळताना ती उघडते आणि आत हवा जाते. घाट चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते यामुळे. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि आडवी असते. म्हणून सर्दी झाली की मुलाचा कान दुखतो आणि फुटतो. बाळाला सपाट आडवं ठेवून बाटलीनं दूध पाजू नये, पाजताना त्याचं डोकं थोडं उंच धरावं, घरात विडी-सिगारेटचा धूर होऊ देऊ नये, ते यासाठीच.

आतली खोली : एक शंख आणि तीन कड्या

सगळ्यात आत, कवटीच्या कठीण हाडात, शंखासारखी पावणेतीन वेढ्यांची पोकळी आहे. ती उलगडली तर साधारण साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्या पाण्यात जवळजवळ पंधरा हजार केसपेशी ओळीनं उभ्या असतात. रिकीब पाण्याला धक्का देते, पाण्यात लाट उठते, पेशींच्या शेंड्यावरचे केस वाकतात आणि त्यातून निरोप तयार होतो. तो निरोप उचलते ती ऐकण्याची नस. तिच्यात सुमारे तीस हजार बारीक तंतू असतात.

शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच आवाजांच्या पेशी आणि टोकाशी जाड, घोगऱ्या आवाजांच्या. वय झालं की बहुधा तोंडाजवळच्या पेशी आधी झिजतात. म्हणून सासूबाईंना ढोल ऐकू येतो, ट्रॅक्टर ऐकू येतो, पण सुनेचं आणि नातवंडांचं बोलणं नीट लागत नाही. 'स', 'श', 'त', 'फ' ही अक्षरं गळून पडतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. आणि आपण म्हणतो, "म्हातारीला पाहिजे तेवढं बरोबर ऐकू येतं!" मैत्रिणींनो, यात लबाडी नाही, झीज आहे. अशा वेळी ओरडून उपयोग नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं. आणि तपासून घेऊन श्रवणयंत्र लावावं.

शंखाला लागूनच तीन अर्धगोल कड्या आहेत. त्या ऐकत नाहीत, त्या तोल सांभाळतात. आपण डोकं कुठे वळवलं ते त्यांच्यातलं पाणी सांगतं. त्यांच्याशेजारच्या पिशवीत चुन्याचे बारीक कण असतात. कधी ते कण निसटून कडीत जातात आणि मग कूस बदलली, वर पाहिलं, की घर गरागरा फिरतं. मिनिटभरात थांबतं. या चकरेवर डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून ते कण पुन्हा जागेवर नेतात. बहुतेकांना त्यानंच आराम पडतो. मात्र चक्कर येताना बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला किंवा एकाला दोन दिसायला लागले, तर तो कान नव्हे. तडक रुग्णालयात न्यायचं.

आता बसल्या जागी सगळ्यांनी एक करून बघा. कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा आहे तो बोटानं दाबून एकच कान बंद करा आणि तोंड मिटून 'हं' असा सूर लावा. सूर कुठल्या कानात मोठा येतो? बंद केलेल्या! कारण तो सूर बाहेरून आलाच नाही, कवटीच्या हाडातून थेट शंखात गेला. बाहेरचा गलबला बंद झाला म्हणून तो जास्त ऐकू आला. डॉक्टर कंप पावणारा चिमटा कपाळावर टेकवतात, तेही हेच पाहायला. बिघाड ओसरी-माजघरात आहे की आतल्या नसेत, याचा अंदाज त्यावरून येतो.

दुखणं सांगणाऱ्या नसा

ऐकण्याची नस एक. तिच्याच बरोबर तोल सांभाळणारी नस. दोघी मिळून मेंदूकडे जातात. या जोडीला वेदना कळत नाही.

मग कान दुखतो तो कुणामुळे? कानाला स्पर्श आणि दुखणं कळवणाऱ्या नसा निराळ्या आहेत, आणि त्या चार ठिकाणांहून येतात. गावाबाहेरच्या चार वाटा एकाच चावडीवर याव्यात तशा.

पहिली वाट मानेतून. पाळीला आणि कानाच्या मागच्या भागाला तिची नस. मानेचे मणके किंवा स्नायू दुखले तर त्याची कळ कानामागे जाणवू शकते.

दुसरी जबड्यातून. कानाचा पुढचा भाग, नळीची पुढची बाजू आणि पडद्याचा काही भाग तिच्याकडे. खालच्या दाढांना जाणारी नसही याच मुळाची. म्हणून किडलेली दाढ किंवा अडकलेली अक्कलदाढ कानात ठणकते.

तिसरी घशातून. मधल्या कानाचं अस्तर, टॉन्सिल आणि जिभेचं मूळ यांचा निरोप एकच नस नेते. टॉन्सिल सुजले की मूल कानाला हात लावून रडतं, ते यामुळे.

चौथी स्वरयंत्राकडून. ही लांबलचक नस स्वरयंत्र, अन्ननलिका असं करत पोटापर्यंत जाते आणि तिची एक छोटी फांदी कानाच्या नळीत येते. कान कोरताना खोकल्याची उबळ येते ना, ती हिच्यामुळे. कानात काडी आणि ठसका घशात!

निरोप एकाच तारेवरून आले की मेंदूची गल्लत होते. तक्रार दाढेची असते, घशाची असते, मेंदू म्हणतो कान दुखतोय. अशा वेळी कानात डोकावलं तर पडदा स्वच्छ असतो, मळ नसतो, पू नसतो.

मिश्री लावणाऱ्या बायांसाठी

आता जे सांगते ते लक्ष देऊन ऐका. आपल्याकडे कितीतरी बाया मिश्री लावतात, तंबाखू खातात. तंबाखूनं जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलजवळ किंवा स्वरयंत्रात कॅन्सर होऊ शकतो. तिथे आपली नजर पोचत नाही. आणि कधीकधी त्याची पहिली तक्रार असते ती एका बाजूच्या कानदुखीची. नस तीच ना! बाई महिनोन् महिने कानात तेल घालत राहते, आणि दुखणं घशात वाढत राहतं.

म्हणून मोठ्या माणसाचा एकच कान दोन-तीन आठवडे दुखत असेल आणि कानात काही सापडत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, "माझं तोंड आणि घसा पण बघा." मिश्री-तंबाखूची सवय असेल तर तीही लाज न धरता सांगायची. सोबत बरी न होणारी जखम, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, बसलेला आवाज, गिळताना त्रास, तोंड उघडायला त्रास किंवा मानेत गाठ, यांतलं काही असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. लवकर सापडलेला कॅन्सर बरा होण्याची आशा खूप जास्त असते.

माजघरातून जाणाऱ्या दोन पाहुण्या नसा

मधल्या कानातून दोन नसा अशा जातात की ज्यांचा ऐकण्याशी फारसा संबंध नाही. एक चेहऱ्याची नस. डोळा मिटणं, हसणं, गाल हलवणं हिच्यामुळे. ती मधल्या कानाच्या भिंतीत हाडाच्या पातळ नळीतून जाते. दुसरी तिचीच फांदी, पडद्याच्या मागून जाऊन जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणारी.

यामुळेच वाहणाऱ्या कानाला हलकं समजू नये. पुष्कळ वर्षं वाहणारा कान बहुतेक दुखत नाही, म्हणून आपण त्याच्याकडे कानाडोळा करतो. त्यातही थोडाच पू येतो पण घाण वास मारतो, असा कान जास्त धोक्याचा. आतलं हाड त्यात कुरतडलं जात असतं. कान वाहणाऱ्या माणसाचं तोंड वाकडं झालं, एका डोळ्याची पापणी मिटेना, कानामागे सूज आली, ताप आणि डोकेदुखी सुरू झाली किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय. पू आता नसेपर्यंत, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचत असू शकतो.

न दुखता जाणारं ऐकणं

आता दुसरी बाजू. ऐकण्याच्या पेशी आणि त्यांची नस मरताना दुखत नाही. म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. आणि माणसात या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

त्यांचा मोठा शत्रू म्हणजे आवाज. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे आठ तास कानाला कसाबसा चालतो. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीजवळ आवाज याच्याही पुढे सहज जातो. घरी आल्यावर कानात सूं वाजत राहतं, ती पेशींची तक्रार आहे. तान्ह्या बाळाला तिथे नेऊ नका. मळणी यंत्रावर, पिठाच्या गिरणीत रोज काम करणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत, पण बाजारात मिळणारे, आवाज अडवणारे. साधा कापूस आवाज अडवत नाही.

दुसरा शत्रू काही औषधं. क्षयरोगावर किंवा मोठ्या जंतुसंसर्गावर देतात त्यांतली काही इंजेक्शनं केसपेशींना मारतात. ती जीव वाचवतात, तेव्हा मनानं बंद करायची नाहीत. पण उपचार चालू असताना कानात आवाज यायला लागला किंवा ऐकू कमी आलं, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

आणि एक आणीबाणी. एका कानानं अचानक, एकदोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून आठवडाभर थांबू नका. नसेला मार बसलेला असेल तर उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.

बाळाचे कान

बाळ पोटात असताना साधारण सहाव्या महिन्यात ऐकायला लागतं. जन्मतःच शंख पूर्ण वाढीचा असतो. वाढायची असते ती मेंदूतली ऐकण्याची वाट, आणि ती आवाज मिळाला तरच वाढते. पहिली दोन-तीन वर्षं आवाज पोचलाच नाही, तर पुढे यंत्र लावूनही भाषा अवघड जाते.

म्हणून नियम लक्षात ठेवा : एक, तीन, सहा. एक महिन्याच्या आत बाळाच्या कानाची तपासणी. शंका आली तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान. दोष असेल तर सहा महिन्यांच्या आत उपचार. तपासणीत बाळ झोपलेलं असताना कानात छोटी बोंडी ठेवतात, काही मिनिटांत काम होतं, टोचत नाही की दुखत नाही. थाळी वाजवून केलेली परीक्षा खरी मानू नका. थोडं ऐकू येणारं मूल थाळीला दचकतं, पण बोलणं त्याला लागत नाही. सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं झालं तरी एखादा शब्द नसेल, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नसेल, तर आशाताईला सांगा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत.

केसपेशीच नसतील पण नस धड असेल, तर शंखात बारीक तार बसवून आवाज थेट नसेला देता येतो. ही शस्त्रक्रियाही लहान वयातच उपयोगी पडते, आणि त्यासाठी सरकारी मदत मिळते.

हे आधीच टाळता येतं का? काही अंशी, हो. मामे-आते भावंडांच्या लग्नांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाचे कान जाऊ शकतात, म्हणून लहानपणी गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. आणि नवजात बाळाची कावीळ अंगावर काढू नका.

कानात काही गेलं तर

जिवंत किडा गेला आणि कान पूर्वी कधी फुटलेला नसेल, तर खोबरेल तेलाचे थेंब घालून किडा आधी मारावा आणि मग दवाखान्यात काढून घ्यावा. तेलाचा हा खरा उपयोग. हरभऱ्याचा, ज्वारीचा दाणा गेला तर पाणी-तेल काहीही नको. दाणा फुगून अडकतो. घड्याळातला, खेळण्यातला गोल सेल गेला तर काही तासांत आतली कातडी जळते. रात्र असली तरी निघायचं.

मैत्रिणींनो, दुखणारा कान बोलतो, पण कधीकधी तो दुसऱ्याच कुणाचं गाऱ्हाणं सांगत असतो. आणि न दुखणारा कान गप्प असतो, म्हणून त्याचं सगळं ठीकच असतं असं नाही. दोन्ही वेळा कानात तेल घालून भागत नाही, आत कुणीतरी पाहावं लागतं.

गटात बोलूया

१. आपल्या गटात कुणाचा कान वर्षापेक्षा जास्त काळ वाहतो आहे? तिच्यासोबत तपासणीला कोण जाईल?

२. गावात गेल्या वर्षी जन्मलेल्या किती बाळांचे कान तपासले गेले? आशाताईंना बैठकीला बोलावून विचारूया.

३. गटातल्या किती जणी मिश्री लावतात? तोंडाची तपासणी सगळ्यांची एकाच दिवशी करून घेता येईल का?

४. मिरवणुकीचा आवाज कमी ठेवा, असं ग्रामसभेत कोण आणि कसं मांडेल?